‘ऋण’ काढून ‘चूक’ ठेवण्यापूर्वी

मराठी ख्रिस्ती उपासनेची जुनी भाषा बदलावी की नाही, हा वाद नागपूरच्या मंडळ्यांत काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा उभा राहतो. तरुण संघातल्या मुलामुलींचे म्हणणे असते की ‘पाप’, ‘तारण’, ‘पश्चात्ताप’, ‘ऋण’ हे शब्द आजच्या माणसाला परके झाले आहेत आणि नवी पिढी चर्चपासून दुरावते ती त्यांच्यामुळेच. ज्येष्ठांचे म्हणणे असते की शब्द ढळला की विश्वासही ढळतो, तेव्हा वाडवडिलांनी म्हटले तसेच म्हणावे. एकमेकांवर इतके चिडलेल्या या दोन्ही पक्षांचे एक गृहीत मात्र समान आहे, आणि माझ्या मते तेच चुकीचे आहे. धर्माची भाषा म्हणजे एकच गाठोडे आहे, ते एक तर संपूर्ण उचलायचे नाही तर संपूर्ण टाकायचे, असे दोघेही धरून चालतात. मला वाटते की वाक्यरचना, विभक्तीची जुनी रूपे, सूचना आणि प्रवचनाची बोली हे सारे आजच्या मराठीत बिनदिक्कत आणावे. विश्वासाचे जे मोजके मूळ शब्द आहेत ते मात्र बदलू नयेत, ते शिकवावेत. ते कळत नाहीत याचा दोष त्यांच्या वयाला देणे सोपे आहे, परंतु ते शिकवण्याचे काम आपण केव्हाच सोडून दिले, हे त्याहून खरे कारण आहे.

जे सोडायला हवे ते आधी सोडून देऊ. ‘मी तुम्हांस खचीत खचीत सांगतो’ किंवा ‘आणि असे झाले की’ अशा वाक्यांत पावित्र्य कोठे आहे? ही रचना हिब्रू आणि ग्रीक वाक्ये शब्दाला शब्द लावून मराठीत उतरवण्याच्या धडपडीतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी शिकत आणि भाषांतर करीत होते. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी ते काम हाती घेतले आणि शतकाच्या मध्यापर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. या मंडळींचे श्रम अफाट होते. तरीही त्यांच्या गद्याला ‘मिशनरी मराठी’ म्हणून जी नावे ठेवली गेली ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती. त्या गद्यातला ‘तुम्हांस’ गेला म्हणून ख्रिस्ती विश्वासाचा कोणताही खांब खचणार नाही. ज्या भाषेला आपण ‘मूळची’ म्हणून कवटाळतो ती स्वतःच अनेकदा सुधारलेली आहे, हे तिच्या रक्षकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

तरीही ज्येष्ठांना हट्टी ठरवून मोकळे होणे योग्य नाही. त्यांची अस्वस्थता धर्माइतकीच जुनी आहे. बायबलचा प्राचीन भाषांतरकार जेरोम याने त्यातल्या योना संदेष्ट्याच्या पुस्तकाचे हिब्रूवरून नवे लॅटिन भाषांतर केले, तेव्हा योनाच्या डोक्यावर सावली धरणाऱ्या झाडाचे नाव त्याने बदलले. पूर्वीच्या भाषांतरात भोपळवेल होती, जेरोमने तिथे वेगळी वेल लावली. उत्तर आफ्रिकेतील ओइया नगरात, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, हे वाचन ऐकून मंडळीत एवढा गदारोळ झाला की तिथल्या बिशपला माणसे गमावण्याची पाळी आली. इसवी सन ४०३ च्या सुमाराच्या पत्रात उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टीन याने हा प्रकार जेरोमला कळवला आहे. एका वेलीच्या नावावरून एवढे रण का? कारण लोकांच्या कानात बसलेला शब्द त्यांच्या प्रार्थनेचा भाग झालेला असतो, आणि त्यांना न विचारता तो काढून घेतला की आपल्या घरातली वस्तू कोणी परस्पर हलवल्यासारखे त्यांना वाटते. भाषांतरकार भाषाशास्त्राच्या दृष्टीने बरोबर असेलही. परंतु शब्द सभेच्या मालकीचे असतात आणि त्यांना हात लावताना सभेची संमती लागते, एवढे तरी त्या प्रसंगातून शिकावे.

बदल मागणाऱ्यांच्या बाजूने माझ्या मते सर्वांत बळकट दाखला बायबलच्या इतिहासात शोधावा लागत नाही. तो आपल्या विदर्भात, रिद्धपूरला सापडतो. महानुभाव पंथाचे केशिराज संस्कृतात ग्रंथरचना करू पाहत होते तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले : ‘नको गा केशवदेया : येणें माझिया म्हातारिया नागवतील’. पंडितांच्या भाषेमुळे माझ्या म्हाताऱ्या नाडल्या जातील, या एका वाक्यात धर्मभाषेच्या सुधारणेचे सगळे समर्थन आले आहे. सहाशे वर्षांनी पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात हेच केले. प्रचलित बायबलमधील संस्कृतप्रचुर मराठी आपल्या आश्रयाला आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बायकांना कळत नाही, हे पाहून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी सोप्या मराठीतील भाषांतराला दिली. १९२२ मध्ये त्या वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघाले. ज्यांना आपल्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांची काळजी आहे त्यांना ‘तुम्ही परंपरा मोडता’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही, कारण हीसुद्धा परंपराच आहे.

पण रिद्धपूरचा दाखला पुढेही वाचला पाहिजे. महानुभावांनी संस्कृत नाकारली. पारिभाषिक शब्द नाकारले नाहीत. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे त्यांच्या तत्त्वज्ञानाचे चार पदार्थ त्यांनी नेमक्या शब्दांनीच मांडले, ते शब्द पंथातल्या बायाबापड्यांना शिकवले आणि त्या शब्दांनी विचार करणारा समाज घडवला. भाषा सोपी करणे आणि शब्द बोथट करणे यांतला फरक त्यांना कळत होता. त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा करीपर्यंत उरलेला महाराष्ट्र त्या साहित्याला पारखा राहिला. आपल्या ज्येष्ठांसाठी इशारा हवा असेल तर तो इथे आहे. न शिकवलेला शब्द हीसुद्धा सांकेतिक लिपीच असते. फरक इतकाच की ती देवनागरीत छापलेली असल्यामुळे आपल्याला ती उघड वाटते.

आता ‘आधुनिक’ म्हणजे काय, हे थोडे तपासू. ‘उपासना’ जाऊन ‘वर्शिप’ आले, ‘साक्ष’ जाऊन ‘टेस्टिमनी’ आली, ‘सहभागिता’ जाऊन ‘फेलोशिप’, आणि संकटातून सुटका झाली की तिला ‘ब्रेकथ्रू’ म्हणतात. सीताबर्डीच्या दुकानात काम करणाऱ्या, चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेल्या माणसाला ‘ब्रेकथ्रू’ कळतो आणि ‘साक्ष’ कळत नाही, असे कोण म्हणेल? साक्ष हा तर कोर्टातला, रोजचा शब्द. म्हणजे इथे अवघडाच्या जागी सोपे आले नाही; एका गोटाच्या परिभाषेच्या जागी दुसऱ्या गोटाची परिभाषा आली, आणि दुसरा गोट थोडा अधिक इंग्रजी आहे एवढेच. शहरात मराठी, हिंदी, इंग्रजी, मल्याळम, तमिळ अशा अनेक भाषांत उपासना होतात आणि ज्याला ज्या भाषेत प्रार्थना सुचते त्याने त्या भाषेत करावी; त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती मराठीला सोपे करतो असे म्हणत तिला रिकामे करण्याविषयी.

या वादातला खरा कठीण शब्द ‘पाप’ आहे, आणि त्याच्यावरचा आक्षेपही तितकाच गंभीर आहे. विदर्भातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे ज्या समाजांतून आली त्यांना पिढ्यानपिढ्या सांगितले गेले की तुमचा जन्मच तुमच्या पूर्वपापाचे फळ आहे. ज्यांना गावाने विटाळ म्हणून वेशीबाहेर ठेवले त्यांना दर रविवारी ‘मी पापी आहे’ असे म्हणायला लावणे हा जुन्या अपमानाचाच नवा अवतार नाही काय? आंबेडकरी चळवळीत वाढलेले माझे मित्र हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना गुळमुळीत उत्तर देऊन भागत नाही. मी तर म्हणेन की ज्या पाळकाला या प्रश्नाने कधी अस्वस्थ केले नाही त्याने या शहरात ‘पाप’ हा शब्द उच्चारताना जपूनच असावे.

परंतु उपाय काय सुचवला जातो? ‘चूक’, ‘उणीव’, ‘नकारात्मकता’. हे शब्द कोणाला सोडवतात, हे पाहण्यासारखे आहे. बायबलमधला संदेष्टा आमोस हा तकोवाचा मेंढपाळ, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. जोडाभर वहाणांच्या मोलाने गरिबाला विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांवर त्याने आग पाखडली. त्या व्यापाऱ्यांनी ‘चूक’ केली होती काय? त्यांना ‘नकारात्मक विचार’ सतावत होते काय? ‘पाप’ हा शब्द सौम्य केला की पहिला लाभ त्यांचा होतो, ज्यांच्या नावावर सर्वांत मोठी पापे जमा आहेत. जन्मावरून पाप चिकटवण्याच्या रीतीलाही शुभवर्तमानात उत्तर आहे. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशूचे उत्तर आहे : यानेही नाही आणि यांच्या आईबापांनीही नाही. ‘सर्वांनी पाप केले आहे’ असे पौल लिहितो तेव्हा त्यातला ‘सर्वांनी’ हा शब्द पाटलाला, पुजाऱ्याला आणि बिशपलाही वगळत नाही. जो शब्द एका समाजाच्या माथी मारला गेला होता तोच सर्वांच्या माथी सारखा ठेवणे, यात अपमान नाही. त्यात समता आहे. अर्थात प्रवचनकाराने फक्त तरुणांचे मोबाइल आणि मुलींचे कपडे यांवरच पाप मोजले आणि मजुरी बुडवणाऱ्या ठेकेदाराच्या देणगीचे जाहीर आभार मानले, तर लोकांना तो शब्द खोटा वाटणारच. दोष तिथे शोधावा.

‘ऋण’ या शब्दाची गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचे मत्तयाच्या शुभवर्तमानातील मराठी रूप म्हणते की जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. अनेक सुशिक्षितांना हे विचित्र वाटते. तिथे सरळ ‘अपराध’ किंवा ‘चुका’ म्हणावे अशी सूचना येते, आणि लूकच्या शुभवर्तमानात तिथे ‘पापे’च आहेत, असा आधारही दिला जातो. आधार खरा आहे. परंतु मत्तयाच्या ग्रीक मजकुरात कर्जाचाच शब्द आहे, आणि तो जगातल्या कोणत्या प्रदेशात अजून जिवंत असेल तर तो या प्रदेशात. ज्या विदर्भात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या कर्जाच्या आकड्यांसह छापून येतात, जिथे २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन कर्जमाफ्या एका दशकाच्या आसपास पाहिल्या गेल्या, तिथे देवासमोर उभे राहून ‘आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असे म्हणणे ही किती अवघड गोष्ट आहे! बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडण्याची आज्ञा आहे, ‘लेवीय’ या पुस्तकाच्या पंचविसाव्यात पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाण्याची. प्रार्थनेतला हा एक शब्द त्या सगळ्या व्यवस्थेची आठवण ठेवून आहे. तो काढून ‘चुका’ घातला तर यवतमाळचा शेतकरी आणि त्याचा सावकार दोघेही एकाच बाकावर बसून तीच प्रार्थना म्हणतील आणि दोघांपैकी कोणालाही काही टोचणार नाही. जुना वाटणारा शब्द इथे आपल्याहून अधिक आजचा आहे. (गंमत अशी की त्याच प्रार्थनेतली ‘रोजची भाकर’ पोळी खाणाऱ्या शहरी घरांतही कोणाला खटकत नाही.)

जुना शब्द ठेवून नवा माणूस घडवता येतो काय, याचे उत्तर नागपूरकराने बाहेर शोधण्याची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या शहरात जे घडले त्याची भाषा पाहावी. त्रिशरण आणि पंचशील पालीत होते. त्या मैदानावर जमलेल्या लाखो माणसांपैकी पाली येणारे किती असतील? बावीस प्रतिज्ञा मात्र मराठीत होत्या, लख्ख आणि रोखठोक. बाबासाहेबांनी एका समारंभात दोन्ही भाषा वापरल्या आणि दोन्हींना वेगवेगळे काम दिले. जिथे माणसाने अडीच हजार वर्षांच्या संघाशी नाते जोडायचे होते तिथे प्राचीन शब्द, आणि जिथे उद्यापासून काय करायचे नाही हे सांगायचे होते तिथे घरची बोली. ‘कम्म’ आणि ‘पुनर्जन्म’ या शब्दांचेही त्यांनी तेच केले. ते अडचणीचे होते, गतजन्मीच्या पापाच्या कल्पनेने डागाळलेले होते, तरी ते फेकून न देता त्यांनी त्यांचा अर्थ नव्याने मांडला आणि जुन्या अर्थाशी उघड वाद घातला. आज बुद्धवंदनेतले पाली शब्द वस्त्यावस्त्यांतल्या लहान मुलांना पाठ आहेत. त्यांना ते जड वाटत नाहीत, कारण कोणीतरी ते त्यांना रोज शिकवले.

ख्रिस्ती समाजाचा याच शहरातला अनुभव वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या परिसरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांच्यात मतभेद थोडेथोडके नव्हते. काही परंपरा तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करीत, तर काहींच्या मते समजून-उमजून विश्वास ठेवल्याखेरीज बाप्तिस्म्याला अर्थ नाही. नव्या चर्चने दोन्ही रीतींना जागा दिली. हे जमले कसे? दोन्हींकडे ‘बाप्तिस्मा’ हा एकच, परका, ग्रीक शब्द होता आणि तो इतका रुंद होता की त्यात दोन्ही पक्ष उभे राहून एकमेकांशी वाद घालू शकले. प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे त्याचे सुबोध मराठी करून ठेवले असते, एकाने ‘नामकरण’ आणि दुसऱ्याने ‘विश्वासदीक्षा’ म्हटले असते, तर बोलणीच सुरू झाली नसती. सामायिक शब्द एकमताची खूण असतो असे आपण मानतो. प्रत्यक्षात नीट भांडण्यासाठीही तो लागतो.

‘शब्द बदलल्यानेच तर धर्मसुधारणा झाली’ हा प्रतिवाद मला मान्य आहे. विल्यम टिंडलने १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात धर्मसंस्थेसाठी मंडळी या अर्थाचा, याजकासाठी वडील या अर्थाचा शब्द वापरला आणि दहा वर्षांनी त्याला गळा आवळून, जाळून मारले. पण त्याने शब्द अधिक बोचरे केले, गुळगुळीत केले नाहीत. शिवाय मराठी बायबलमध्ये आपण ज्यांना जुने म्हणतो ते ‘मंडळी’ आणि ‘वडील’ नेमके टिंडलच्याच बाजूचे शब्द आहेत. दुसरे टोक पाहायचे तर कॅथलिकांच्या मिस्साचे, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेचे, इंग्रजी पाहावे. १९७३ च्या भाषांतराने ‘तुमच्या आत्म्याबरोबर’ याचे सोपे ‘तुमच्याबरोबरही’ केले, आणि २०११ मध्ये ते पुन्हा ‘आत्म्याबरोबर’ झाले. नव्या भाषांतराच्या कृत्रिमपणावर टीका झाली ती रास्तही होती. तरी सोपे करण्याची वाट एकाच दिशेने जाते, हा समज त्या अनुभवापुढे टिकत नाही.

मग मराठीत भाषा खरोखर बदलली ती कोणामुळे? रमाबाईंच्या भाषांतरामागची विद्वत्ता आणि करुणा यांना तोड नाही, पण मंडळ्यांच्या व्यासपीठावर ते रुजले नाही. रुजली ती नारायण वामन टिळकांची भजने. ख्रिस्ती होण्यापूर्वी टिळक नागपुरातच अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचे काम करीत होते, आणि तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते पुढे सांगत. त्यांनी ‘पाप’, ‘कृपा’, ‘तारण’ हे शब्द बदलले नाहीत. ते अभंगाच्या चालीत बसवले. चाल ओळखीची असल्यामुळे शब्दही घरचे वाटू लागले. तेव्हा ज्या समित्या आज पर्यायी शब्दांच्या याद्या करीत बसतात त्यांनी तो वेळ चांगली नवी गीते लिहून घेण्यात आणि दृढीकरणाच्या, म्हणजे मुलांना विश्वासाची शिकवण देण्याच्या, वर्गात एकेका शब्दावर पूर्ण तास देण्यात घालवला तर अधिक उपयोग होईल. ‘तारण’ शब्दाचेच उदाहरण घ्या. बँकेच्या दारावर ‘सोनेतारण कर्ज’ वाचणाऱ्या मुलाला तारण म्हणजे गहाण वाटते, म्हणून तो शब्द निकामी झाला अशी तक्रार आहे. पण गहाण पडलेले मोल देऊन सोडवणे ही तर पौलाच्या पत्रांतलीच कल्पना आहे, आणि तीही गुलामांच्या बाजारातून आलेली. शिक्षक जागा असेल तर बँकेची ती पाटीच त्याचा फळा होईल.

याच कसोटीवर एक शब्द मात्र नापास होतो, आणि तो बदलायला माझी पूर्ण संमती आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू पुष्कळांसाठी आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देतो. भोसल्यांच्या काळात खंडणी हा राज्यव्यवहारातला सरळ शब्द होता. आज पोलिसांची खंडणीविरोधी पथके आहेत आणि खंडणी मागतो तो गुंड असतो; तेव्हा हे वाक्य ऐकणाऱ्याला देव तरी गुंड वाटेल किंवा सैतान तरी वसुलीचा हक्कदार वाटेल. ‘तारण’चा आजचा अर्थ मूळ अर्थाकडे बोट दाखवतो, ‘खंडणी’चा आजचा अर्थ उलट दिशेला नेतो. ‘मुक्तीचे मोल’ हा शब्दप्रयोग मराठीत तयार आहे. पुढच्या छपाईत तो घालावा आणि खाली तळटीप द्यावी की इथे पूर्वी ‘खंडणी’ होते, म्हणजे तो बदल का झाला हे विचारायला वर्गातल्या एखाद्या मुलीला जागा राहील.